जाळी नंबर १४

पिंपळे सौदागरमधल्या कुठल्याही टॉवरमध्ये चार घरं फिरा. देवघराच्या मागे नाहीतर टीव्हीशेजारी एक पांढरी जाळी दिसतेच. आठ टोकांच्या चांदण्या, मधोमध ॐ, मागून पिवळी एलईडी पट्टी. वास्तुशांतीला गेलं की यजमान आधी तीच दाखवतात. दिसतेही छान.

माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत सध्या गेटवरून पेटलंय. जुनं गंजलेलं गेट काढून लेसर कट पत्र्याचं नवीन करायचं ठरलं. कमिटीने ग्रुपवर तीन डिझाइनं टाकली, बहुतेकांनी याच चांदण्यांना पसंती दिली. रात्री साडेअकराला एका काकांचा मेसेज आला, "हे मशिदीचं डिझाइन आहे, आपल्या गेटवर नको." पुढचे दोन दिवस काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. डिझाइन सुचवणाऱ्या ताई ग्रुप सोडून गेल्या. गेट अजून गंजलेलंच आहे.

काकांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे बरं का. ही नक्षी इस्लामी कारागिरीतूनच आपल्यापर्यंत आली. कंपास आणि पट्टी एवढंच सामान. वर्तुळ काढायचं, त्याचे आठ भाग करायचे, एक चौकोन सरळ ठेवायचा, दुसरा त्याच्यावर ४५ अंशांत फिरवायचा. झाली चांदणी. मग तिच्या रेघा बाहेर वाढवत न्यायच्या, त्यातून शेजारची चांदणी तयार होते आणि नक्षी कुठेच संपत नाही. माणसाचं, प्राण्याचं चित्र धर्मस्थळात टाळायचं म्हटल्यावर कारागिरांनी सगळी अक्कल भूमितीत आणि वेलबुट्टीत ओतली.

पण "आपल्या गेटवर नको" म्हणायला आता फार उशीर झालाय, काका. महिरप हा आपला किती घरचा शब्द! गणपतीच्या मखराला महिरप, वाड्याच्या दिवाणखान्याला महिरप, शाळेच्या गणितातसुद्धा महिरपी कंस. तो शब्द मूळचा अरबी 'मिहराब', म्हणजे मशिदीच्या भिंतीतला कोनाडा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची टोकदार कमान बघा, तीही याच घराण्यातली, आणि वाडा बांधला पहिल्या बाजीरावाने, १७३२ मध्ये. फार लांब कशाला, आपल्या गावाच्या नावातला 'सौदागर' फारसीच आहे. तो कुठल्या ग्रुपमधून काढणार?

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बीबी का मकबरा आहे. आपण त्याला ताजमहालाची नक्कल म्हणतो आणि सेल्फी काढून पुढे वेरूळला जातो. पुढच्या वेळी आत जाऊन थडग्याभोवतीच्या संगमरवरी जाळ्या निवांत बघा. मुख्य दरवाजावर बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आराखडा अताउल्लाहचा, बांधकाम हंसपत रायचं. सतराव्या शतकात एकाच दरवाजावर ही दोन नावं शेजारी शेजारी मावली.

मला चिंता आहे ती वेगळ्याच गोष्टीची. नक्षी घरोघर पोचली, कारागीर मात्र मागेच राहिला. त्याच संभाजीनगरात हिमरू विणतात. उभा धागा सुती, आडवा रेशमी, आणि बुट्ट्या अशा की किनखापाचा भास व्हावा. हातमाग आता मोजके उरलेत, आणि त्याच नक्षीचं यंत्रमागावरचं कापड स्वस्तात मिळतं. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही आणि त्याला कुणी सांगतही नाही.

जाळीचंही तेच. दगडी जाळी ऊन अडवायची, वारा आत घ्यायची. आपण तीच एमडीएफमध्ये कापून भिंतीला चिकटवतो. तिच्यातून वारा येणार कुठून? या कलेतलं आजचं काम बघायचं तर ढाक्याकडे बघावं. मरीना तबस्सुम या वास्तुविशारद बाईंनी तिथे बैत उर रौफ ही मशीद बांधली. घुमट नाही, मिनार नाही. साध्या विटा सोडून सोडून रचल्यात, त्यातून उजेड आणि वारा आत येतो. तिला २०१६ च्या फेरीत आगाखान पुरस्कार मिळाला. नक्कल न करता परंपरा पुढे नेणं म्हणतात ते हे. आपल्याकडे एवढे टॉवर उठले, एवढ्या पश्चिमेच्या बाल्कन्या दुपारी तापतात, पण विटेची खरी जाळी लावावी असं एकाही बिल्डरच्या डोक्यात आलेलं मी बघितलं नाही.

एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये परवा जाऊन आलो. सीएनसी मशीनवर बीडचा एक पोरगा होता. आठ बाय चारची शीट लावली, फाइल टाकली, मशीन कापायला लागलं. सगळीकडे पिवळा भुसा. त्याने दाखवलं की मशीनचा बिट गोल असतो, त्यामुळे आतला कोपरा कधीच टोकदार निघत नाही. कुणी फारच चोखंदळ गिऱ्हाईक आलं तर तो कानस घेऊन एकेक कोपरा हाताने काढतो. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

या डिझाइनला काय म्हणतोस, विचारलं.

"जाळी नंबर १४. सगळ्यात जास्त हीच जाते."

मोबाईलवर मकबऱ्याच्या जाळीचा फोटो दाखवला. बीडपासून संभाजीनगर फार लांब नाही, पण त्याने मकबरा पाहिलेला नव्हता. हात पॅंटला पुसून त्याने फोन घेतला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला.

"सर, मशीन नव्हतं तर दगडात हे कोपरे एवढे टोकदार कशाने काढले?"