टर्कीचें बिऱ्हाड

इ. स. १६१२ मध्यें मुकर्रबखान या सरदारानें गोव्याहून कित्येक अपूर्व वस्तू आणून जहांगीर बादशहापुढें ठेवल्या, त्यांत अमेरिकेचा एक पक्षी होता. बादशहानें आपल्या रोजनिशींत त्याचें वर्णन लिहिलें आणि उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचें चित्र काढविलें. तें आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. माजावर आलेल्या या पक्ष्याचें डोकें व मान सरड्याप्रमाणें क्षणोक्षणीं रंग पालटतात, ही बादशहाची नोंद अगदीं बिनचूक आहे. इंग्रजांनीं या पक्ष्यास तुर्कस्तानचें नांव दिलें, तुर्कांनीं त्याला ‘हिंदी’ म्हटलें, पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. ज्यानें त्यानें तो दुसऱ्याच्याच घरचा ठरविला. त्याचें खरें माहेर मात्र उत्तर अमेरिका.

आमच्या वाचकांस टर्की ठाऊक असेल तो नाताळच्या चित्रांतला, लठ्ठ व पांढरा. रानटी टर्की याहून निराळा. अंग सडपातळ, पाय उंच, आणि काळपट पिसांवर उन्हांत तांब्याची व कांशाची झांक मारते. डोक्यावर पीस नाहीं. निळसर, लालभडक, पांढरी अशी उघडी कातडीच काय ती. कातडीखालच्या रक्तवाहिन्या कमीअधिक फुगतात तसा हा रंग बदलतो. चोचीच्या मुळाशीं मांसाचा एक शेंडा लोंबतो, आणि नराच्या उरावर घोड्याच्या केसांसारखी दाढी असते. भरदार नर दहा किलोपर्यंत भरतो, मादी साधारण त्याच्या निम्मी. एवढें अवजड धूड उडत नसेल असें वाटतें. परंतु थोड्या अंतरापुरतें तें मोठ्या वेगानें उडतें, आणि रात्रीं उंच झाडाच्या फांदीवरच झोपतें.

वसंतांत नर पिसारा पसरून माद्यांपुढें मिरवितात. यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. कित्येकदां दोन सख्खे भाऊ जोडीनें मिरवितात; पण विवाह काय तो एकाचाच, दुसरा जन्मभर वऱ्हाडी! अ‍ॅलन क्राकौअर या संशोधकानें कॅलिफोर्नियांतील टर्कींचें निरीक्षण करून २००५ सालीं दाखविलें कीं, भावाची साथ असलेल्या नरास एकट्या नराहून सरासरी सहा पिलें अधिक होतात; आणि तीं भावाचींच असल्यामुळें धाकट्याचें रक्तहि त्यांतून पुढें चालतें. याला कोणी लक्ष्मणाचा त्याग म्हणतील. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. त्याग करावयाचा तर तो जाणून केला पाहिजे.

खरा संसार मादीचा. जमिनींतल्या उथळ खळग्यांत ती दहा-बारा अंडीं घालते व सुमारें अठ्ठावीस दिवस एकटी उबविते. बापाचा यांत कांहींच भाग नाहीं. पिलें बाहेर येण्यापूर्वींच ती अंड्यांशीं हळू आवाजांत बोलूं लागते, आणि बाहेर आलेलें पिलूं तो आवाज ओळखून तिच्यामागें चालूं लागतें. पहिले दोन आठवडे त्यांस उडतां येत नाहीं, म्हणून झाडाचा आसरा सोडून ती रात्रीं त्यांना पंखाखालीं घेऊन जमिनीवर बसते. एरवीं चतुर असलेली ही मादी या दिवसांत कोल्ह्याच्या तोंडीं जाते ती यामुळेंच.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांत जंगलें तुटलीं, शिकार बेसुमार झाली, आणि १८५१ मध्यें शेवटचा रानटी टर्की मारला गेला. पुढें पिंजऱ्यांत वाढविलेले पक्षी रानांत सोडून पाहिले. ते तगले नाहींत. धान्य त्यांना भरपूर मिळालें होतें, पण ससाण्याची छाया दिसतांच दबून बसावें, तिन्हीसांजा झाडावर चढावें, हें सांगणारी आई मिळाली नव्हती. शेवटीं १९७२-७३ मध्यें न्यूयॉर्कच्या रानांतून धरून आणलेले सदतीस रानटी पक्षी तेथें सोडले. आज त्या संस्थानांत टर्कींची संख्या पंचवीस हजारांहून अधिक आहे, आणि बोस्टनजवळच्या ज्या गांवीं आमची कन्या राहते तेथें ते भर रस्त्यांतून असे चालतात, कीं मोटारींनीं थांबावें.

ही हकीकत आम्हीं एके दिवशीं जेवतांना कन्येस सांगितली. आमची नात सहा वर्षांची आहे. तिला मराठी समजतें, पण ती उत्तर इंग्रजींत देते. रविवारच्या मराठी शाळेंत घातलें म्हणजे होईल, असें कन्येचें म्हणणें होतें. आम्ही म्हणालों, “शाळेंत मुळाक्षरें मिळतील. हाक घरींच ऐकावी लागते.”

कन्येनें वाटी खालीं ठेविली. “बाबा, आम्ही दोघंहि दिवसभर बाहेर. हाक घालायला घरीं असतं कोण?”

याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. परतीस सहा आठवडे उरले होते. तेवढे दिवस संध्याकाळीं नातीला घेऊन टर्की झाडावर चढतांना पाहावयास जाण्याचें आम्हीं पत्करिलें, आणि तिनें जें विचारावयाचें तें मराठींत विचारावें असा नियम केला. पहिला आठवडाभर तिनें कांहींच विचारलें नाहीं.