आत्याचंही नाव लिहा

नागपुरात माझा चेहरा बघून लोक आपापल्या माहितीप्रमाणे मला गाव वाटून देतात. सदरमधले जुने दुकानदार बरोबर ओळखतात, "तुम्ही त्या चिनी बूटवाल्यांचे नं?" महालात, इतवारीत मी नेपाळी असतो. रात्री एटीएमच्या दारात उभा असलो की हमखास कोणीतरी विचारतं, "बहादूर, कॅश हाय का आत?" इंदोऱ्यात मात्र माझा मान वाढतो. भदंत सुरई ससाई जपानहून नागपुरात आले आणि इथलेच झाले, त्यामुळे तिकडे असा चेहरा म्हणजे भन्तेजींच्या देशातला पाहुणा. एका आजींनी तर मला हात जोडून नमस्कार केला होता. जपान वेगळा, चीन वेगळा, आणि मी तर धंतोलीत जन्मलेला, हे सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही. एवढा आदर या चेहऱ्याला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

जन्माच्या दाखल्यावर मी मुलगी होतो, हे मात्र यांच्यापैकी कोणाच्याच ध्यानात येत नाही. ते बरीच वर्षं मीही कोणाच्या ध्यानात येऊ दिलं नाही. कसं लपावं हे मला शिकावं लागलं नाही, घरात ते आधीपासून होतं.

माझे आजोबा, आमच्या हक्का बोलीत आकुंग, दक्षिण चीनमधल्या मेइशिएनचे. तिथून ते कलकत्त्याला टांगऱ्यात आले. कलकत्त्याच्या चिन्यांनी बलुतेदारांसारखे धंदे वाटून घेतले होते. कॅन्टनकडचे सुतारकाम करायचे, हुपेईचे दात बसवायचे आणि हक्का लोक चामडं कमवायचे, बूट शिवायचे. चाळिसाच्या दशकात आकुंग नागपूरला उतरले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, शेजारी कामठीला लष्कराची छावणी होती. साहेब आणि फौजी अधिकारी म्हणजे मापाच्या बुटांचं गिऱ्हाईक. १९५६ साली राजधानी गेली तेव्हा साहेब गेले. १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा फौजीही यायचे थांबले. शत्रूच्या हातचा बूट कोण घालणार?

त्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंगकडच्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांत बायका, म्हातारे, शाळकरी पोरं होती. काहींची सुटका व्हायला वर्षं गेली. आकुंगवर ती वेळ आली नाही. पण त्यांचा जन्म चीनचा, म्हणून ते परकीय. त्यांना एक पुस्तिका मिळाली, तिच्यावर शिक्के मारून घ्यायला कचेरीत जायचं. लेखी परवानगीशिवाय चोवीस तासांहून जास्त गावाबाहेर राहायचं नाही, असा हुकूम होता. माझे वडील मात्र १९६० साली नागपुरात जन्मले, म्हणून कायद्यानं भारतीय. एका पंगतीत बसून जेवणारे बापलेक, त्यांतला लेक देशाचा आणि बाप परदेशी.

आकुंगनी दुकानाच्या पाटीवरची चिनी अक्षरं रंगवून टाकली. पोरांशी चारचौघांत हक्का बोलणं थांबवलं, मग घरातही थांबवलं. कलकत्त्याहून आलेली पत्रं वाचून झाली की चुलीत जायची. आज माझे वडील असं अस्सल नागपुरी बोलतात की फोनवर ऐकणाऱ्याला ते काटोलचे वाटावेत. काटोलची खरं तर माझी आई, संत्र्याच्या बागाइतदाराची मुलगी. त्यांचं लग्न हे मोठंच महाभारत होतं, ते इथे सांगत नाही. आकुंग लग्नाला काटोलला गेले आणि रात्रीच परत आले, एवढंच सांगतो. निर्बंध तोवर किती उरले होते कोण जाणे. त्यांनी ते अंगात मुरवून घेतले होते.

दोन चिनी वस्तू मात्र त्यांनी टाकल्या नाहीत. एक, गिऱ्हाइकांच्या पायांच्या मापांची वही. दुसरी, घराण्याची कुळवही. पहिली गल्ल्याखाली असायची, दुसरी चामड्याच्या गठ्ठ्यात.

मापांची वही पुढून पुरुषांची होती आणि मागून बायकांची. मी सातवी-आठवीत असेन. शाळेत मुलींना पट्ट्याचे बूट आणि मुलांना लेसचे. आकुंगनी मला स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, बक्कल की लेस? मी म्हटलं, लेस. त्यांनी वही पुढून उघडली, कोऱ्या पानावर माझा पाय ठेवला, पेन्सिल फिरवली आणि फडताळातून पोरांच्या बुटाचे लाकडी फर्मे काढले. हे त्यांनी समजून केलं की मागची पानं भरली होती, मला माहीत नाही. काम करता करता ते आपल्या आईचं सांगत होते. चीनमध्ये तेव्हा बायकांचे पाय लहानपणीच बांधून टाकायचे, पण हक्का बायकांचे नाही, कारण त्यांना शेतात राबायचं असे. त्यांच्या आईचे पाय पुरुषासारखे रुंद होते आणि त्याचा आकुंगना फार अभिमान होता.

ते बूट घालून मी शाळेत गेलो आणि बाईंची चिठ्ठी घेऊन घरी आलो. "तिथंच सगळं बिघडलं," असं आईचं आजही ठाम मत आहे. "तुझ्या आकुंगनी ते बूट करून दिले नसते तर ही पाळी आली नसती."

ती पाळी यायला पुढे बरीच वर्षं लागली. काय चाललंय याला नाव नव्हतं. किन्नर मला माहीत होते. घरी बाळ झालं, लग्न झालं की ते यायचे, टाळी वाजायची, आई साडी आणि पैसे द्यायची. त्यावरून मी समजत होतो की बदलता येतं ते एकाच बाजूनं. पुरुष म्हणून जगणाऱ्या बाईच्या देहाला डेरा नाही, गुरू नाही, टाळी नाही. नागपुरात सारथी ट्रस्ट या संस्थेच्या गटातल्या लोकांशी ओळख झाली तेव्हा माझ्यासारखे ट्रान्स पुरुष पहिल्यांदा पाहिले. कोणी नरखेडचा, कोणी भंडाऱ्याचा, सगळे घरच्यांना काहीतरी थाप मारून आलेले.

२०१८ च्या सुरुवातीला नागपूरच्या लोकअदालतीत विद्या कांबळे या ट्रान्स स्त्रीची पॅनेलवर नेमणूक झाली. पेपरातली ती बातमी मी चहाच्या कपाखाली वडिलांपुढे सरकवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"याच्या उलटं बी होते का?" त्यांनी विचारलं.

"होते," मी म्हटलं.

"बरं."

आमच्यात या विषयावर झालेलं सगळ्यात मोठं बोलणं हेच. त्यानंतर ते मला बँकेच्या कामाला सोबत नेऊ लागले आणि ओळख करून देताना 'हा' म्हणू लागले. आई अजून रागावली की "कुठी गेली होतीस?" म्हणते, राग उतरला की सुधारते.

मग मानसोपचारतज्ज्ञांची पत्रं झाली, तपासण्या झाल्या, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली. आवाज फुटला, खांदे भरले, पाळी थांबली. मिशी मात्र येईना. गटातल्या मित्रांना भराभर दाढ्या फुटत होत्या, मी रोज आरशाशी भांडत होतो. शेवटी डॉक्टरांना म्हटलं, डोस वाढवा. त्यांनी विचारलं, "वडिलांना दाढी किती येते?" मी म्हटलं, आठवड्यातून एकदा केली तरी चालते. "अन् आजोबांना?" त्यांना हनुवटीवर मोजून केस होते. "मग तुम्ही कशाला जास्त मागता?"

मी पुरुष व्हायचं म्हणून ज्याची वाट बघत होतो, तो काटोलच्या मामांसारखा होता: पिळदार मिशी, खर्जातला आवाज. आरशात येत होते ते आकुंग. तोवर माझ्या डोक्यात हे दोन वेगवेगळे प्रश्न होते, पोट्टा की पोट्टी आणि इथला की तिथला. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात ते एक झाले. मला पुरुष व्हायचं तर चिनी पुरुषच होता येणार होतं, आणि आमच्या घरानं तर चिनी असणं चुलीत टाकलं होतं.

त्याच सुमारास गटात आम्ही 'कुमु हिना' हा २०१४ चा माहितीपट पाहिला. त्यातल्या हिना वाँग-कालू या होनोलुलूला शिक्षिका होत्या. त्यांच्यात हवाईयन आणि चिनी दोन्ही रक्तं आहेत, आणि त्या मुलगा म्हणून वाढल्या. १८५२ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला चिनी मजूर हवाईला आणले जाऊ लागले आणि पुष्कळांनी तिथल्या बायकांशी संसार थाटले. हवाईच्या जुन्या समाजात स्त्री आणि पुरुष यांच्या मधल्या माणसांना 'माहू' म्हणत आणि त्यांना मानाची जागा होती. वायकिकीच्या किनाऱ्यावर ताहितीहून आलेल्या चार माहू वैद्यांच्या स्मरणार्थ चार मोठ्या शिळा आहेत. विसाव्या शतकात त्यांच्यावर चक्क बोलिंगचा हॉल बांधला होता. तो पाडल्यावर शिळा पुन्हा वर आल्या. त्या सिनेमात सहावीतली एक मुलगी मुलांच्या हुला पथकात नाचायचं म्हणते, आणि हिनाबाई तिला रांगेतून बाहेर न काढता पुढे उभं करतात. मला लेसचे बूट आठवले. पण त्याहून जास्त लक्षात राहिलं ते हे, की हिनाबाईंनी आपली जागा परक्या पुस्तकात शोधली नाही, पूर्वजांच्या दारात जाऊन मागितली.

माझे पूर्वज जागा देतील का, हे विचारायला २०२० साल काही बरं नव्हतं. मार्चमध्ये रस्त्यावर "ए कोरोना" अशी हाक आली. जूनमध्ये गलवान खोऱ्यात भारत-चीन चकमक झाली आणि वडिलांनी मला काही दिवस संध्याकाळचं बाहेर पडू नको म्हणून सांगितलं. मास्कची तर वेगळीच गंमत. नुकती उगवलेली विरळ मिशी, जी मला जगाला दाखवायची होती, ती त्यानं झाकली. आणि डोळे, जे तेव्हा लपवायचे होते, तेवढेच उघडे ठेवले.

पुढे २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्याखाली मी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. पोर्टलवर अर्ज, शपथपत्र, फोटो. आमचं आडनाव एका अक्षराचं आणि ते नावाच्या आधी येतं. अर्ज बघणाऱ्यानं दोनदा विचारलं, "आडनाव पूर्ण लिहा." पूर्णच आहे, मी म्हटलं. लिंगाच्या रकान्याबद्दल मात्र त्यानं काहीच विचारलं नाही. प्रमाणपत्र आलं तेव्हा वडिलांनी ते आकुंगच्या शिक्क्यांच्या पुस्तिकेसोबत एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं. त्यांच्या लेखी दोन्ही 'सरकारी कागद'.

१९६२ नंतर कलकत्त्याचे बरेच हक्का लोक टोरंटोला गेले. आमचे एक चुलत काकाही गेले. घराण्याची नवी कुळवही छापायचं काम सध्या त्यांच्याकडे आहे. वडिलांनी त्यांना व्हॉट्सॲपवर कळवलं, पोरगी आता पोरगा आहे. बरेच दिवस उत्तर नाही. मग एक लांबलचक संदेश आला. आमच्या घराण्यात प्रत्येक पिढीला एक अक्षर आधीच ठरलेलं असतं. त्या पिढीच्या सगळ्या मुलांच्या नावात ते यायलाच हवं. मुलींना ते मिळत नाही, मुलींची नावं वहीत जातही नाहीत. तेव्हा मुलगा असेल तर त्याला पिढीचं अक्षर देऊन रीतसर नाव ठेवावं लागेल, असं काकांनी लिहिलं होतं, आणि खाली तीन नावं सुचवली होती.

हवाईचं मला ठाऊक नाही, आमच्याकडे जागा मिळाली ती अशी, नियमाच्या कडकपणातून. मी फार हरखलो. आकुंगची जुनी वही चामड्याच्या वासासकट काढली आणि वडिलांना नावं वाचता येतात का ते बघायला बसवलं. त्यांना स्वतःचं तेवढं ओळखता आलं. त्यांच्या शेजारी काहीच नव्हतं. आत्याचं नाव नव्हतं.

आकुंग गेल्यावर वडील नोकरीतच होते. दुकान आत्यानं चालवलं. फर्मे, सुया, सोल शिवायचा दाभण, सगळं तिच्या हातात होतं. दुकान बंद झालं ते तिचे डोळे गेल्यावर. कुळाचा धंदा जिनं ओढला ती वहीत नाही, आणि मी दाखला बदलताच आत. ज्याला मी स्वीकार समजत होतो ती बढती होती, आणि ती मला आत्याच्या डोक्यावरून मिळत होती. मुलगी म्हणून या दाराबाहेर उभं राहणं काय असतं, ते मला पक्कं माहीत होतं. आत जाऊन दार लावून घ्यायला माझे पाय तयार होईनात.

मी काकांना लिहिलं, माझं नाव घ्या, पण आत्याचंही लिहा. ते म्हणाले, असा रिवाज नाही. मी म्हटलं, माझ्यासारख्याचं लिहायचा तरी कुठे होता? ते म्हणाले, मग सगळ्यांच्याच मुलींची लिहावी लागतील. मी म्हटलं, लिहा. त्यांच्या स्वतःच्या दोन मुली तिकडे डॉक्टर आहेत, त्यांनी बहुधा बाजू घेतली, कारण काकांचा पुढचा संदेश जरा नरम होता.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती तर्री-पोहे खात होती. तिनं हात धुतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "लिव म्हना. पन जन्माचं साल नको. अन् लिवतच असन तं बूटवाली बी लिव म्हना, नुसती कोनाची पोरगी नाही."

ते मी जसंच्या तसं टोरंटोला कळवलं आहे. काकांचं उत्तर यायचं आहे. जातील तर आम्हा दोघांची नावं जातील, नाहीतर माझंही काढून घ्या, हेही खाली लिहून ठेवलं आहे.