मण्यांचा शेजार

ओवणे या क्रियेत हाताचे काम दिसते, निवडीचे दिसत नाही. सुई मण्यातून आरपार जाते तेव्हा कोणत्या मण्याशेजारी कोणता मणी बसावा, याचा निर्णय होऊन गेलेला असतो. फुले ओवणाऱ्या स्त्रीला ऋतू मदत करतो; काचमणी ओवणारीला मात्र स्वतःच्या डोळ्यांवर विसंबावे लागते.

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगराच्या सरकारी वसाहतीत, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, एका मराठी गृहिणीचे मणी मिसळणाच्या जुन्या डब्यात राहत असत. मोहरी, जिरे, हळद यांच्या जागी सात वाट्यांत सात रंग. मणी सदर बाजारातून आणलेले. नावे मात्र माहेरची. आमसुली, श्रीखंडी, डाळिंबी, मोरपंखी, अबोली, शेंदरी. मराठीने रंगांचे बारसे करताना स्वयंपाकघर, बाग आणि देव्हारा धुंडाळला आहे, आणि म्हणूनच की काय, बाईंची रंगनिवड पुष्कळदा चवीच्या भाषेत चाले. मोरपंखी आणि डाळिंबी सारख्या प्रमाणात घेतले की एकमेकांशी भांडतात. एकाला घर द्यावे, दुसऱ्याला चिमटीएवढी जागा, असे त्या म्हणत. पारदर्शक मणी पांढऱ्या दोऱ्यावर उजळतो आणि काळ्यावर विझतो, ट्यूबलाइटखाली जुळलेली जोडी उन्हात फारकत घेते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. 1994 साली जवळच दिल्ली हाट सुरू झाल्यावर सौराष्ट्राच्या मोतीकामातील पांढरी भुई आणि नागा माळांतील नारिंगी मण्यांचे भरघोस थर पाहत त्या बराच वेळ उभ्या राहत. त्यांच्या हातची तोरणे वसाहतीतल्या पंजाबी, बंगाली, तमिळ घरांच्या दारांवर होती.

सातव्या वाटीत काळे मणी असत. शुभकार्यात काळा रंग वर्ज्य मानणाऱ्या मराठी घराने मंगळसूत्रात त्याला सोन्याचा शेजार दिला आणि संक्रांतीला काळ्या साडीवर हलव्याचे शुभ्र दागिने घातले. या संकेतांमागची श्रद्धा काहीही असो, डोळ्याला त्यातले मर्म कळते: काळ्याच्या सान्निध्यात सोने अधिक सोनेरी होते. मात्र हा काळाही शेजाऱ्यांच्या अधीन असतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात 1824 पासून रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की, निळ्या-जांभळ्या विणीतील काळा धागा निस्तेज दिसतो. त्यांनी धागे तपासले. काळ्या रंगात खोट नव्हती. खोट वाटत होती ती शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे. या शोधातून 1839 साली त्यांचा रंगविरोधावरचा विख्यात ग्रंथ सिद्ध झाला. बाईंनी त्यांचे नाव ऐकले नव्हते. पण काळ्याशेजारी निळा ठेवू नये, हा त्यांचाही नियम होता.

म्हणूनच पुण्यातील भाचीच्या लग्नासाठी ओवलेली पोत शेजारच्या बंगाली बाईंनी बाल्कनीतल्या उन्हात धरली आणि काळ्यांत मधूनमधून निळे घेतले ते फार छान दिसते, असे कौतुक केले, तेव्हा बाई दुखावल्या. निळे त्यांनी घेतलेच नव्हते. पोत त्यांनी खिडकीशी नेली, दिव्याखाली नेली. प्रत्येक मणी काळाच होता. चूक मण्यांत नसून डोळ्यांत आहे, हे मान्य करायला त्यांना काही आठवडे लागले. रांगोळीपासून रुखवतापर्यंत जिच्या नजरेचा हवाला दिला जाई, तिला ही कबुली सोपी नव्हती.

मोतीबिंदूने पिवळसर-तपकिरी झालेले डोळ्यातील भिंग निळा प्रकाश अडवून धरते. ही क्रिया इतकी संथ असते की, हरवलेल्या रंगाची उणीवही भासत नाही. चित्रकार क्लोद मोने यांच्यावर 1923 साली एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांनाही रंगांच्या अशा फेरभेटीला सामोरे जावे लागले होते. बाईंच्या एका डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा रुग्णालयातली चादर त्यांना किंचित निळसर पांढरी दिसली. घरी आल्यावर त्यांनी प्रथम आपल्या दारावरचे तोरण पाहिले. श्रीखंडी आणि आमसुली मण्यांचे ते तोरण त्यांच्या संयत रंगदृष्टीचा नमुना म्हणून चारजणांत वाखाणले गेले होते. ते शुभ्र आणि जर्द जांभळे होते.

पाहुण्यांनी वाखाणले ते कोणते तोरण? त्यांनी निवडलेले, की त्यांनी कधी पाहिलेच नव्हते ते? लेखकाला अभिप्रेत असलेली कृती आणि वाचकाला भेटलेली कृती यांतील अंतराची चर्चा साहित्यशास्त्रात पुष्कळ झाली आहे; येथे ते अंतर एका चौकटीला टांगलेले होते.

पोतीतले निळे मणी त्यांनी एकेक करून काढले आणि ती शुद्ध काळ्यांत पुन्हा ओवून भाचीला पाठवली. तोरण मात्र उसवले नाही. दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. कारण घरच्यांना सांगितले नाही. त्या काळात दुपारी सामसूम झाली की त्या दाराशी खुर्ची घेऊन बसत, नवा डोळा हाताने झाकत आणि आपले श्रीखंडी-आमसुली तोरण पाहत. ते पाहू शकणारा जगात तेवढा एकच डोळा उरला होता.

तिसरी तारीख मात्र त्यांनी मोडली नाही. त्या सकाळी निघताना त्या उंबऱ्यावर थोड्या थांबल्या, हात डोळ्याशी नेला, आणि मग जिना उतरल्या.