थांबण्याची आज्ञा

पवित्र मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण सारे जे शब्द उच्चारतो, ते मूळचे एका लष्करी अधिकाऱ्याचे आहेत. कफर्णहूमचा तो शताधिपती प्रभूने आपल्या घरात पाऊल ठेवावे एवढी आपली योग्यता नाही असे म्हणतो, आणि आपली श्रद्धा समजावून सांगताना छावणीतलाच दाखला देतो. तो स्वतः वरिष्ठांच्या हाताखालचा माणूस, त्याच्या हाताखाली शिपाई. त्याने जा म्हटले की शिपाई जातो. प्रभूला त्याच्या श्रद्धेचे आश्चर्य वाटले. सेमिनरीत आम्हांला शिकवले जाई की घंटेचा नाद हा परमेश्वराचा आवाज समजावा. पुढे गुरुदीक्षेच्या दिवशी दोन्ही हात बिशपांच्या हातांत देऊन आम्ही त्यांना आणि त्यांच्या वारसांना आज्ञापालनाचे वचन दिले. म्हणूनच की काय, सेनापतींची चरित्रे वाचताना त्यांच्या विजयांपेक्षा त्यांना आलेल्या हुकुमांकडे माझे लक्ष अधिक जाते. कॅनडाचे लेफ्टनंट जनरल रोमेओ दालेर यांचे चरित्र तर या एका प्रश्नाभोवतीच फिरते.

दालेर यांचा जन्म १९४६ सालचा, हॉलंडमधल्या डेनेकाम्प या गावचा. वडील कॅनडाच्या सैन्यात सार्जंट, आई डच परिचारिका. तान्ह्या मुलाला घेऊन आई कॅनडाला आली आणि मॉन्ट्रियलच्या फ्रेंच भाषक, कॅथलिक वातावरणात तो वाढला. १९६३ साली सैनिकी महाविद्यालय, मग तोफखाना, मग एकेक पायरी चढत १९८९ मध्ये ब्रिगेडियर जनरल. इंग्रजीचा वरचष्मा असलेल्या सैन्यात फ्रेंच मातृभाषेच्या माणसाने इतके वर जाणे सोपे नव्हते. एरवी या तीस वर्षांविषयी फार सांगण्यासारखे नाही. शांततेच्या काळातील एका शिस्तप्रिय अधिकाऱ्याची ती वाटचाल होती.

१९९३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने रवांडातील शांतिसेनेचे सेनापतिपद त्यांच्याकडे सोपवले. त्या देशाविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. हुतूंच्या हाती असलेले सरकार आणि मुख्यतः तुत्सी निर्वासितांची बंडखोर सेना यांच्यात ऑगस्टमध्ये अरुशा येथे करार झाला होता आणि त्याच्या पालनावर देखरेख ठेवायची होती. ५ ऑक्टोबर रोजी सुरक्षा परिषदेने २,५४८ सैनिकांना मंजुरी दिली. त्याच्या दोनच दिवस आधी सोमालियाच्या राजधानीत अठरा अमेरिकन सैनिक मारले गेले होते. आफ्रिकेत पुन्हा हात पोळून घ्यायला कोणीही तयार नव्हते. ही भीती दालेर यांच्यासोबत किगालीला गेली असे म्हटले तरी चालेल.

११ जानेवारी १९९४ चा दिवस. हुतू अतिरेक्यांच्या टोळ्यांना शिक्षण देणाऱ्या एका माणसाने शांतिसेनेला खबर दिली होती की किगालीतील तुत्सींच्या याद्या तयार करवून घेतल्या जात आहेत, शस्त्रे दडवून ठेवलेली आहेत, आणि त्याची माणसे वीस मिनिटांत एक हजार लोकांना ठार करू शकतात. दालेर यांनी न्यूयॉर्कला तार धाडली आणि छत्तीस तासांच्या आत त्या शस्त्रसाठ्यांवर छापा घालण्याचा आपला बेत कळवला. शांतिसेनांचा कारभार पाहणाऱ्या विभागाचे प्रमुख तेव्हा कोफी अन्नान होते. त्या विभागाचे उत्तर आले : हे तुमच्या अधिकारकक्षेत बसत नाही, छापा घालू नका, राष्ट्राध्यक्षांना माहिती द्या. म्हणजे ज्यांच्या गोटात हा कट शिजत होता, त्यांनाच जाऊन सांगा. दालेर यांनी पुढेही परवानगीसाठी पत्रव्यवहार केला, आणि नकार येत राहिला तरी त्यांनी आज्ञा पाळली.

त्या छाप्याने पुढचे सारे टळले असते की नाही, हे मनुष्याला सांगता येणार नाही. मला खिळवून ठेवते ते त्या आज्ञेचे स्वरूप. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे की एखाद्या जमातीचा संहार करण्याचा हुकूम पाळणाऱ्याला अंध आज्ञापालनाची सबब सांगता येणार नाही. न्यूरेंबर्गनंतर हे जगालाही मान्य झाले. पण दालेर यांना कोणी कोणालाही मारायला सांगितले नव्हते. त्यांना फक्त थांबायला सांगितले होते. दुष्कृत्याचा हुकूम आला तर सदसद्विवेकबुद्धी निदान दचकून जागी होते. थांबण्याचा हुकूम मात्र नियम, कार्यपद्धती आणि दूरदर्शीपणा यांचा पोशाख घालून येतो आणि पाळणाऱ्याला पाप केल्यासारखे वाटतही नाही. आम्हां धर्मगुरूंच्या टेबलावरही अशी पत्रे येतात, नाही असे नाही.

६ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान पाडण्यात आले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांची आणि त्यांच्या रक्षणासाठी पाठवलेल्या दहा बेल्जियन सैनिकांची हत्या झाली. बेल्जियमने आपली तुकडी परत नेली. न्यूयॉर्कहून संपूर्ण माघारीची भाषा सुरू झाली, तेव्हा दालेर यांनी प्रथमच नाही म्हटले. त्यांचे घानाचे सहकारी हेन्री अन्यिदोहो यांनी तर आपल्या सरकारची संमती येण्याआधीच आपली तुकडी थांबेल असे सांगून टाकले. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना अवघ्या २७० वर आणली. दालेर यांनी प्रत्यक्षात सुमारे साडेचारशे माणसे ठेवून घेतली. अन्न नाही, औषधे नाहीत, दारूगोळा नावापुरता. तरीही अमाहोरो स्टेडियम आणि अशाच काही जागांत आश्रय घेतलेले हजारो लोक वाचले. बाहेर मात्र शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे कापली गेली.

येथे आपल्याला मान खाली घालावी लागते. हा आफ्रिकेतील अत्यंत कॅथलिक देशांपैकी एक होता. मारणारे आणि मरणारे पुष्कळदा एकाच चर्चच्या बाकांवर बसलेले असत. ९ एप्रिल रोजी किगालीतील गिकोंडो येथे पोलिश मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये शंभराहून अधिक तुत्सी ठार झाले, शांतिसेनेच्या निःशस्त्र निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत. न्यांगे येथील चर्च तर आत आश्रय घेतलेल्या लोकांसह बुलडोझरने पाडण्यात आले, आणि तेथील धर्मगुरू आतानाझ सेरोम्बा यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये जन्मठेप सुनावली. शरणार्थींबरोबर प्राण देणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनीही होत्या, हे खरे. परंतु किगालीचे आर्चबिशप वर्षानुवर्षे सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर बसत होते, हेही खरे. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांसाठी देवाकडे क्षमा मागितली. ती मागायला तेवीस वर्षे लागली.

ऑगस्ट १९९४ मध्ये दालेर मायदेशी परतले. बढत्या मिळाल्या, लेफ्टनंट जनरलचा हुद्दा मिळाला. पण रात्री झोप येईना. अनेकदा त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. एप्रिल २००० मध्ये मानसिक आघाताच्या आजारामुळे त्यांना सेवानिवृत्त करण्यात आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये क्वेबेकमधील हल गावच्या एका उद्यानात हा सेनापती बाकाखाली बेशुद्ध सापडला. दारू आणि औषधे यांचा तो परिणाम होता. पुढे त्यांनी हे सारे स्वतःच जाहीरपणे सांगितले. सैनिकाने मनाच्या जखमेविषयी बोलायचे नसते, हा संकेत त्यांनी मोडला. मला हे त्यांच्या लष्करी जीवनातील सर्वांत धैर्याचे कृत्य वाटते. २००३ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच सैतानाशी हस्तांदोलन केल्याचा उल्लेख आहे. इतके पाहून देवावर विश्वास कसा उरला, असे एका लष्करी धर्मगुरूने विचारले असता, सैतानाची गाठ पडल्यावर देवाविषयी शंका उरली नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले होते. २००४ मध्ये अरुशाच्या न्यायाधिकरणासमोर त्यांनी कर्नल बागोसोराविरुद्ध साक्ष दिली. २००५ ते २०१४ या काळात ते कॅनडाच्या सेनेटमध्ये होते. मुलांच्या हाती बंदुका देण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी उभारलेले काम तर आणखी वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्यांच्या हाताखाली सेनेगलचा एक निःशस्त्र निरीक्षक होता, कॅप्टन म्बाये दियान्य. धर्माने मुसलमान. नागरिकांना वाचवण्याच्या भानगडीत निरीक्षकांनी पडू नये, असे आदेश होते. हा माणूस आपल्या गाडीत तीनचार, कधी पाच जणांना दडवून एकामागून एक नाकी पार करी, पहारेकऱ्यांशी थट्टामस्करी करी, त्यांना सिगारेटी वाटी, आणि परत नव्या फेरीला निघे. दालेर यांना हे ठाऊक होते आणि त्यांनी त्याला अडवले नाही, असे तेथे असलेले लोक सांगतात. ३१ मे १९९४ रोजी एका नाक्यावर तोफगोळ्याचे तुकडे लागून दियान्य मरण पावला. शवपेटी नव्हती, सहकाऱ्यांना मिळेल त्यात त्याला गुंडाळावे लागले.