जांब कीं पेरू?

नोकरीच्या निमित्तानें आमचें बिऱ्हाड पुण्याहून छत्रपती संभाजीनगरास आलें, तेव्हां सामानाबरोबर आमचे शब्दही आलेच. ते येथें चालतील कीं नाहीं, ही शंका मात्र कोणासच आली नाहीं. वास्तविक हें शहर नांवांच्या बाबतींत मोठें अनुभवी. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी या खेड्याच्या जागीं तें वसविलें. पुढें त्याचें फत्तेनगर झालें, मग औरंगाबाद, आणि २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर. परंतु आम्हांस धडा मिळाला तो एका फळाच्या नांवापासून.

आमच्या आईचें माहेर रत्नागिरीकडचें. येथें आल्यावर पहिल्याच हिवाळ्यांत तिनें तापानें अंथरूण धरलें. तोंडास चव नाहीं, अन्न जात नाहीं. एके दिवशीं ती म्हणाली, "एखादा जांब मिळाला तर खाईन." कोंकणांतील जांब म्हणजे उन्हाळ्यांत येणारें, पांढरट-गुलाबी, मेणाच्या घंटेसारखें फळ, आंत रसापेक्षां पाणीच अधिक. ऐन पौषांत तें कोठून मिळावें? पण आजारी माणसाच्या जिभेस ऋतूचें भान नसतें. शेजारच्या काकूंनीं तें ऐकलें मात्र, आणि "एवढंच ना आजी? आत्ता आणते," म्हणून त्या लगबगीनें बाहेर पडल्या. अर्ध्या तासानें परतल्या त्या पिशवीभर पेरू घेऊन!

आईनें पिशवीकडे एकवार पाहिलें व भिंतीकडे तोंड फिरविलें. काकू गेल्यावर ती हळूच म्हणाली, "इथं मी काय मागते तेंसुद्धां कुणाला कळत नाहीं रे." तिचे तें बोलणें माझ्या मनास फार लागलें.

पुढच्या रविवारीं कांहीं कामासाठीं मी दौलताबादकडे निघालों. छावणी ओलांडून पडेगांव, मिटमिटा मागें टाकले कीं देवगिरीचा तो तासलेला कातळ दिसूं लागतो. रस्त्याच्या कडेस पेरूंचे ढीग लागले होते. एका बाईस विचारलें, "हे कसे दिले?" ती म्हणाली, "घ्या ना, जांब लई गोड हायेत." पलीकडचा गाडीवाला त्याच फळास "जाम, मीठे जाम" म्हणून ओरडत होता. माझ्या डोक्यांत लख्ख प्रकाश पडला. काकूंनीं चूक केलीच नव्हती!

पेरू मूळचा आपल्याकडील नव्हेच. अमेरिकेंतील हें फळ पोर्तुगीजांच्या काळांत या देशीं आलें. नव्या पाहुण्यास नांव कोठून आणावें? पोर्तुगीज भाषेंत 'पेरा' म्हणजे नासपती; त्यावरून 'पेरू' आला असें मानतात. फारसींत 'अमरूद' म्हणजेही नासपतीच. उत्तर हिंदुस्थानानें तें नांव पेरूस दिलें. आणि देशाच्या अंतर्भागांतील लोकांनीं त्यास आपल्या जुन्या जंबूच्या कुळांत घेतलें. मराठवाड्यांत व वऱ्हाडांत तो जांब, तेलुगूंत व हैदराबादच्या दख्खनींत जाम, गुजराथींत जामफळ. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. तेव्हां येथील शब्द पुण्यापेक्षां हैदराबादेशीं अधिक जुळावा, यांत नवल तें काय?

हा प्रकार आपल्याकडेच घडतो असें नाहीं. युरोपांतील स्लाव्ह भाषा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. पण 'यागोदा' हा त्यांचा समाईक शब्द पाहावा. रशियन मनुष्य कोणत्याही लहान रसाळ फळास 'यागदा' म्हणतो. सर्बियन मनुष्यास 'यागोदा' म्हटलें कीं स्ट्रॉबेरीच आठवते. आणि पोलंडच्या पुष्कळ भागांत त्याच शब्दावर रानांतील जांभळीं-काळीं फळें पुढें येतात. बागेंतील मोठी स्ट्रॉबेरीही अठराव्या शतकांत दोन अमेरिकन जातींच्या संकरांतून निपजलेली. रशियनांनीं तिला 'क्लुबनिका' हें दुसऱ्याच एका रानटी जातीचें नांव दिलें. जांबाची गोष्ट तरी याहून निराळी काय आहे?

घरीं येऊन मीं हें सारें आईस सांगितलें. ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिनं मी मागितलं तेंच आणलं होतं! आणि मी तोंड फिरवलं." तिनें काकूंना बोलावून घेतलें, पेरूची फोड मिठाशीं त्यांच्या देखत खाल्ली, आणि "जांब गोड आहे हो," असें आवर्जून सांगितलें.

वैशाखांत मामा कोंकणांतून आले ते करंडीभर खरे जांब घेऊन. खरे, म्हणजे आमचे! आईनें पहिला वांटा काकूंकडे स्वतः नेऊन दिला. काकूंनीं एक चावून पाहिला, थोडा विचार केला आणि त्या म्हणाल्या, "आजी, राग मानू नका, पण याला जांब कोण म्हणेल? नुसतं पाणी आहे हो!"

आई इतकी हंसली कीं या शहरांत आल्यापासून मीं तिला तशी हंसतांना पाहिलें नव्हतें.