सरळ नको, माहीत हवं

थंडीत नवेगाव बांधला पक्षी बघायला जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपात एक तरी आपटलेली दुर्बीण असतेच. आमच्यात ती मित्राची होती. कोलू पाटील कोहळींनी बांधलेल्या त्या जुन्या तलावात बदक एक, दुर्बिणीत मात्र दोन! भिंगं स्वच्छ, पण एक नळी किंचित वाकडी. पाच मिनिटांत डोकं दुखायला लागलं, म्हणून निदान कळलं तरी.

माझं पोटपाण्याचं काम सीटी स्कॅनच्या सॉफ्टवेअरचं. तिथे पंचाईत हीच की स्कॅनरचं डोकं दुखत नाही :-)

सीटीमध्ये एका बाजूला एक्स-रे नळी, समोर डिटेक्टरची कमानदार रांग, आणि दोन्ही मिळून पेशंटभोवती गरागरा फिरतात. शेकडो कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून कोड चित्र रचतो. त्यासाठी त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक लागते: फिरण्याचा अक्ष रांगेत नेमका कुठे पडतो? हा आकडा चुकला तर समोरासमोरचे कोन जुळत नाहीत. बारीक ठिपक्याचं इवलंसं कडं होतं, हाडाची कड पुसट होते. एरर मेसेज नाही, काही नाही. चित्र दिसायला सुबक, पण थोडंसं खोटं. फुप्फुसातली बारीक गाठ नेमकी अशाच ठिकाणी हरवू शकते.

मग काय, सगळं अगदी मधोमध बसवायचं? इथेच गंमत आहे. अक्ष बरोबर मध्यावर असेल, तर अर्ध्या फेरीनंतर समोरून येणारा किरण आधीचीच रेघ पुन्हा मोजतो. म्हणून बऱ्याच स्कॅनरमध्ये रांग मुद्दाम पाव घर सरकवून बसवतात. घर साधारण ०.६ मिलिमीटरचं धरलं तर फक्त ०.१५ मिलिमीटर! पण त्यामुळे समोरचे किरण आधीच्या किरणांच्या मधल्या फटीत पडतात आणि बारकावे जास्त मिळतात. म्हणजे वाकडेपणा चालतो, तो कोडला माहीत असला पाहिजे.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००४ साली पेट-सीटी आलं. त्यात तर एकामागे एक अशी दोन यंत्रं. सीटी अवयव दाखवतं, पेट कॅन्सरची जागा उजळवतं, आणि एक चित्र दुसऱ्यावर ठेवतात. यंत्रांमधला फरक मोजून साठवता येतो. पण सीटी काही सेकंदांत उरकतं, पेटला कित्येक मिनिटं लागतात आणि पेशंट श्वास घेतच असतो. त्यामुळे यकृताच्या वरच्या टोकाची गाठ कधीकधी फुप्फुसात असल्यासारखी दिसते. हे पाना फिरवून सुटत नाही, डॉक्टरांनाच ध्यानात ठेवावं लागतं.

अक्षाची जागा सर्व्हिसच्या वेळी बारीक तार किंवा मणी ठेवून तपासतात. तेवढा वेळ मशीन बंद. नवेगाव बांधहून गोंदियाला किंवा नागपूरला स्कॅनसाठी आलेल्या माणसाला "उद्या या" म्हटलं, तर त्याची एका दिवसाची मजुरी आणि दोघांचं तिकीट जातं. म्हणून सर्व्हिसची तारीख आधी ठरवून पेशंटला फोन करावा, एवढी साधी अपेक्षा. पण घाईत तपासणीच गाळली, तर त्याच्या हातात पडतं ते सुबक चित्र. आणि पुढचे निर्णय त्यावरच होतात.