खोक्यावरची तारीख

घड्याळातलं तेल सुकणं हा दोष नाही, ती देखभाल आहे, आणि देखभाल वॉरंटीत बसत नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मला हे सांगितलं गेलं तेव्हा घड्याळ घेऊन वर्षही झालं नव्हतं. वॉरंटी दोन वर्षांची. तो युक्तिवाद मला अजून पचलेला नाही.

भाचीच्या लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं होतं. ते मामाने आणायचं, कारण मामाला घड्याळातलं कळतं, हे आमच्या घरात फार पूर्वीच ठरलेलं. वडिलांचं फेवर-लुबा आणि माझं नोकरीच्या सुरुवातीचं एचएमटी मी स्वतः सांभाळतो, दोन्ही चालू आहेत. बहिणीची अट एकच होती : "स्विस हवं. आणि पन्नासच्या आसपास बसव."

पन्नास हजारांत स्विस म्हणजे काय मिळतं, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. डायलवर सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात 'स्विस मेड' असतं. त्यामागे स्वित्झर्लंडचा कायदा आहे. १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चातला किमान ६० टक्के वाटा स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. मशीन स्विस असावं, ते केसमध्ये तिथेच बसवलेलं असावं, शेवटची तपासणीही तिथेच व्हावी. म्हणजे उरलेल्या ४० टक्क्यांत केस, काच, काटे कुठूनही येऊ शकतात, आणि स्वस्त घड्याळांत बऱ्याचदा ते चीनमधून येतात. स्वित्झर्लंडमधले पगार पाहता नुसतं मशीन आणि जुळणी यांतच ६० टक्क्यांचा मोठा भाग भरून निघतो. यात फसवणूक नाही. पण ते दोन शब्द खर्च कुठे झाला एवढंच सांगतात, काम किती चांगलं झालं ते सांगत नाहीत. आणि नुसतं 'स्विस मूव्हमेंट' लिहिलेलं असेल तर ते आणखी वेगळं प्रकरण : मशीन स्विस, बाकी जुळणी दुसरीकडे झालेली असू शकते.

म्हणून मी नाव बाजूला ठेवून वस्तू पाहिली. काच सफायर होती. पट्ट्याच्या कड्या भरीव होत्या, केसला जोडणारे तुकडेसुद्धा, जिथे हमखास पत्रा वाकवून काम भागवतात. चावी आट्यांवर घट्ट बसत होती. मागच्या काचेतून मशीन दिसत होतं : ईटीए २८२४-२, पंचवीस खडे, तासाला २८,८०० ठोके. हे मशीन जगभर इतकं वापरलं गेलं आहे की साधा कारागीरही ते उघडू शकतो आणि भागही मिळतात. माझ्या मते या किमतीत तेच सगळ्यांत महत्त्वाचं. ऐंशी तास चालणारी नवी मशीन्स आता मिळतात, पण त्यांच्यातल्या काहींत मधले भाग कृत्रिम पदार्थाचे असतात आणि गती कारखान्यातच लेझरने लावलेली असते. गल्लीतल्या कारागिराला तिथे हात घालायला जागाच उरत नाही. जे दुरुस्त होतं ते घ्यावं, असं माझं मत आहे.

एमआरपी ८२,०००, लग्नसराईची सूट ३५ टक्के, बिल ५३,३००. महिना डिसेंबर २०२३. घड्याळ शोकेसमधून काढलं, खोकं आतून आलं. "लग्नाचंय ना साहेब, पॅक करूनच आणलंय," सेल्समन म्हणाला. खोक्यावर सोनेरी कागद, वर रिबीन. वॉरंटी कार्डावर त्या दिवसाची तारीख पडली.

पावसाळ्यात जावयांचा फोन आला. फार संकोचाने म्हणाले, "मामा, रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद असतं. मीच नीट वापरत नसेन." मी घड्याळ मागवून घेतलं, चावी पूर्ण दिली आणि टेबलावर ठेवलं. अडतीस तास चालायला हवं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

रविवार पेठेतल्या माझ्या ओळखीच्या काकांकडे टायमिंग मशीन आहे. त्याच्या माइकवर घड्याळ नुसतं ठेवायचं, झाकण उघडावं लागत नाही. बॅलन्स चाक मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती अंश फिरतं ते पडद्यावर दिसतं. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी २८२४ मध्ये हा आकडा २७०च्या वर असतो. आमचा दोनशेच्या खाली होता. काका म्हणाले, "मशीन मेलेलं नाही. तेल गेलंय. हे नवीन नाही, साहेब."

नवीन नाही म्हणजे काय? मी भाचीला फोन केला. नशिबाने ती काही फेकत नाही. सोनेरी कागदाखालच्या पुठ्ठ्यावर स्टिकर होतं. आपल्याकडे पाकीटबंद आयात मालावर आयातदाराचं नाव, एमआरपी आणि महिना-वर्ष छापणं बंधनकारक आहे. त्यावर होतं : ऑगस्ट २०१७.

सहा वर्षांहून जास्त काळ ते घड्याळ कुठल्या तरी कपाटात आणि मग शोकेसच्या दिव्याखाली उष्णतेत पडून होतं. चार-पाच वर्षांनी ऑइलिंग करावं, असं स्वतः कंपन्याच सांगतात. म्हणजे पहिलं ऑइलिंग जेव्हा व्हायला हवं होतं त्यानंतर ते 'नवं' म्हणून विकलं गेलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी हेच मांडलं. त्यांचं म्हणणं, वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून मोजतात आणि ती निर्मितीतल्या दोषांसाठी असते. मी म्हटलं, तुम्ही काळ मोजायला विक्रीची तारीख धरता, मग तेलाचं वयही त्याच तारखेपासून धरा. ते म्हणाले, तेलाचं वय आमच्या हातात नाही. मी विचारलं, मग कुणाच्या हातात होतं? माझ्या तर नव्हतं. संपूर्ण सर्व्हिसचे ९,५०० रुपये अधिक जीएसटी. दुकानात गेलो तर ते म्हणाले, म्हणूनच तर सूट दिली होती. मी विचारलं, हे त्या दिवशी का नाही सांगितलं? यावर मॅनेजर म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत."

या वाक्यावर मी आजही रात्री अंथरुणात उत्तरं जुळवत असतो. सहा वर्षांचा तांदूळ कुणी नवा म्हणून विकला तर गिऱ्हाइकाने विचारलं नाही, असं म्हणता येईल का? सफायर, कड्या, चावी, मशीन, जे माणसाला पाहता येतं ते मी पाहिलं आणि ते सगळं खरं होतं. तेलाचं वय डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त खोक्यावर लिहिलेलं होतं आणि खोकं मला कागदात गुंडाळून दिलं होतं.

ज्यांना असं घड्याळ घ्यायचं असेल त्यांनी बिल होण्याआधी बाहेरचा पुठ्ठा मागावा आणि त्यावरचा महिना-वर्ष वाचावं. मोठी सूट असेल तर नक्कीच. आणि जुळणी, किल्ली, ठोके यांची हौस नसेल तर सरळ स्विस क्वार्ट्झ घ्यावं : कमी पैसे, वेळ जास्त अचूक, आणि काही वर्षांनी सेल बदलला की झालं. भारत आणि स्वित्झर्लंड ज्या गटात आहे त्या एफ्टामधला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने जाणार आहे. नवा माल स्वस्त येऊ लागला की जुन्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक दुकानाला पडेल, आणि मोठ्या सुटीच्या पाट्या लागतील.

घड्याळ काकांनी उघडलं, धुतलं, तेल घातलं. २,८०० रुपये घेतले. आता दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जातं, आणि प्रमाणपत्र मिळवणारे क्रोनोमीटर सहा सेकंदांपर्यंत पुढे गेलेले चालतात. सगळा खर्च धरूनही ५६,१०० रुपयांत याच्या तोडीचं काही मला दाखवता येणार नाही, हे मी बहिणीला प्रामाणिकपणे सांगितलं. ती म्हणाली, मग तुझा राग कशाबद्दल आहे? मला तिला समजावता आलं नाही. जावई ते रोज घालतात. माझं दुकानाशी भांडण अजून चालू आहे. मी लेखी मागणी केली आहे की पावतीवर आयातीचा महिना छापा. पैसे परत मागितलेले नाहीत.